थोरांचा पत्ता

वेंगुर्ला तालुक्यातल्या केळूस गावी १८६० साली जन्मलेले कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये मास्तर होते. शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. त्याच बागेत एक शाळकरी मुलगाही पुस्तक घेऊन यायचा. ओळख झाली, मास्तर त्याला पुस्तकं देऊ लागले. पुढे तो मुलगा परीक्षा पास झाला, समाजाने त्याचा सत्कार केला, आणि त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याच्या हाती ठेवलं. मुलाचं नाव भीमराव आंबेडकर. त्याचं शिक्षण थांबू नये म्हणून सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळवून देण्याच्या खटपटीतही हेच केळुसकर होते. जवळजवळ अर्धशतकाने, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, आंबेडकरांनी आपल्या बुद्धावरच्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली तेव्हा त्या भेटीची आठवण आवर्जून नोंदवली.

एका चरित्रग्रंथाचा इतका दूरवर पोचलेला परिणाम मराठीत दुसरा असेल असं मला वाटत नाही. तरी सिंधुदुर्गातल्या थोरांची नावं कुणालाही विचारा, केळुसकर त्यात बहुधा येत नाहीत. शिवाजी महाराजांचं विस्तृत मराठी चरित्र त्यांनी १९०६ मध्ये लिहिलं, तुकारामांचंही लिहिलं. पण ते पुढारी नव्हते, कवी नव्हते, कुठल्या मोठ्या पदावर नव्हते. त्यांचं काम दुसऱ्याच्या आयुष्यात जाऊन वाढलं, म्हणून त्यांच्या खात्यावर ते दिसत नाही.

या संग्रहातले लेख अशा हिशेबाचे आहेत. माणूस किती उंच गेला यापेक्षा त्याच्यामागे काय उरलं, ते कुणी उचललं आणि पुढे त्याचं काय झालं, हे शोधायचा यातल्या लेखकांनी प्रयत्न केला आहे. विषयाला नव्याने भिडणाऱ्या वाचकासाठी आधी थोडी पूर्वपीठिका सांगतो.

थोरांची आयुष्यं सांगायच्या मराठीत एकाहून अधिक चाली आहेत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, तेव्हा ते शिष्यांना गाठत हिंडले. ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याकडून विचारून घेतलं. त्या ग्रंथात स्वामी जेवतात, चालतात, रागावतात, थट्टाही करतात. मराठी गद्याचा आरंभच मुळी माणसाच्या आठवणी ताडून घेण्यातून झाला आहे. महिपतींनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' पुरा केला तोवर ही चाल पार बदलली होती. संतांच्या आयुष्यात चमत्कार शिरले आणि त्यांची धडपड त्याआड गेली. ऐकणाऱ्याला धीर मिळाला हे खरं, पण आपणही काही करून पाहावं असं त्याच्या हाती फारसं लागलं नाही. बखरींनी पराक्रमाची बाजू सांभाळली.

इंग्रजी शाळा आल्या तसं चरित्र हे बोधाचं साधन झालं. सॅम्युएल स्माइल्सचं 'सेल्फ हेल्प' लंडनला १८५९ मध्ये निघालं. काटकसर, चिकाटी आणि वक्तशीरपणा अंगी असला की गरिबाचं पोरही मोठं होतं, हा त्याचा विचार आपल्या क्रमिक पुस्तकांत इतका मुरला की आजही थोरांची गोष्ट म्हटली की रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. या साच्याने कित्येकांना शाळेत टिकवून धरलं, त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याच्यात एक मोठी खोट आहे. त्याच दिव्याखाली तितकाच अभ्यास करूनही जे मागे पडले त्यांना तो गुपचूप दोषी ठरवतो. फी कुणी भरली, जात कुठे आडवी आली, मधे कोण मास्तर भेटला, हे त्या गोष्टीत येतच नाही. बागेतले केळुसकर त्यातून गळतात.

लिटन स्ट्रॅचीने १९१८ मध्ये व्हिक्टोरियाकालीन थोरांच्या मूर्तींवरचा शेंदूर खरवडला, त्याचं इंग्रजीत फार कौतुक होतं. मराठीत घरातून दिसणारा थोर माणूस त्याआधीच आला होता, आणि तो बायकांनी आणला. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुढे आली, त्यांत तर विक्षिप्त नवऱ्यावरचं प्रेम आणि त्याच्यावरचा वैताग एकाच वाक्यात नांदतात. शेजारच्या रत्नागिरीतले धनंजय कीर आंबेडकर, फुले, सावरकर, लोकमान्य टिळक यांच्या चरित्रांसाठी कागदपत्रं उपसत बसले. पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ने १९६२ मध्ये सामान्य माणसाला चरित्रनायक केलं. १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं, आणि कुणाचं आयुष्य सांगण्याजोगं आहे हे ठरवायचा हक्कच दुसऱ्यांच्या हातून काढून घेतला गेला.

या सगळ्यांच्या आधीपासून कोकणात चरित्राची एक घरगुती शाळा चालू होती. तिला गजाल म्हणतात. जेवणं आटपली, खळ्यात किंवा पडवीत मंडळी टेकली की गेलेल्या माणसाची गजाल निघते. तीत त्याचं मोठेपण असतं आणि तिरसटपणाही, भावकीतला दावा असतो, त्याने कुणाच्या मुलाची गुपचूप भरलेली फी असते. सांगणारा रंगात येऊन वाहवला की कोपऱ्यातून कुणीतरी 'तसा नाय रे ता' म्हणून त्याला जागेवर आणतो. गजालीत सुविचार नसतो. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीचे जयवंत दळवी (१९२५–१९९४) हे या शाळेचे सर्वांत हुशार विद्यार्थी. 'सारे प्रवासी घडीचे' हे त्यांचं पुस्तक १९६४ मध्ये आलं; त्यात गावातली हरहुन्नरी, लहरी, लबाड, भाबडी माणसं कुठलाही बोध न करता उभी राहतात. थोरांवर लिहितानासुद्धा हीच रीत ठेवता येते, असा माझा समज आहे. या संग्रहातले चांगले लेख ती ठेवतात. दोन-तीन लेख गौरवग्रंथाच्या वळणावर गेले आहेत, हेही सांगून टाकतो.

आता खुद्द जिल्ह्याकडे. सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. ज्यांची नावं आपण अभिमानाने घेतो त्यांतले बरेच जण स्वतःला रत्नागिरीचे नाहीतर सावंतवाडी संस्थानातले म्हणवत. त्यांची यादी मांडली की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. जे इथे जन्मले ते लवकर निघून गेले. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणचे, विंदा करंदीकर देवगडातल्या धालवलीचे, मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. सगळ्यांची कर्मभूमी मुंबई किंवा पुणे. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळात खानावळ चालवत राहिले, पण तेही अखेर मुंबईलाच गेले. उलट ज्यांनी इथे बूड टेकलं ते बाहेरचे. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले आणि १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिकवत राहिले. मधु दंडवते अहमदनगरचे, हा मुलूख ज्यात होता त्या राजापूर मतदारसंघाने त्यांना १९७१ पासून सलग पाच वेळा लोकसभेवर पाठवलं. सत्त्वशीलादेवी भोसले बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून सावंतवाडीच्या राजवाड्यात आल्या.

याचा अर्थ मातीच्या गुणात शोधायला नको. भातशेतीचे तुकडे, कातळाचं रान, वरच्या शिक्षणाची वानवा, आणि दुसरीकडे गिरण्या, गोदी, कचेऱ्या असलेली मुंबई. मालवण-वेंगुर्ल्याहून आगबोट सुटायची आणि घरटी एक माणूस तीत असायचा. गाव मनीऑर्डरीवर चालायचं. तो प्रवाह अजून थांबलेला नाही. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवर होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं पहिलं येतं, आणि पहिली आलेली मुलं त्याच महिन्यात बॅगा भरतात. अशा जिल्ह्यात 'आपल्या मातीतला थोर' म्हणताना त्या मातीने त्याला नेमकं काय दिलं आणि त्याने तिला काय परत केलं, हा प्रश्न टाळता येत नाही.

बाळशास्त्र्यांचं पाहा. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' काढलं, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. साडेआठ वर्षांत ते बंद पडलं. १८४६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी बाळशास्त्री गेले. यशाच्या मोजपट्टीने हे अपुरं आयुष्य आहे. पण एल्फिन्स्टनमध्ये दादाभाई नौरोजी त्यांच्या हाताखाली शिकले. 'दर्पण' मिटल्यावर त्याच वर्तुळातल्या भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये 'प्रभाकर' सुरू केलं, आणि लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ पासून आली ती 'प्रभाकर'मध्ये. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला पुन्हा धर्मात घेण्याचा वाद पेटला, तेव्हा बाळशास्त्री मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला. दर ६ जानेवारीला पत्रकार दिनाच्या भाषणांत 'दर्पण' येतं, ही बाजू क्वचित येते.

भांडारकरांच्या बाबतीत मालवणचा वाटा थोडा, बालपणीच गाव सुटलं. तरी त्यांचं उदाहरण इथे हवं, कारण परंपरा कशी उभी करायची ते त्यात दिसतं. मूळ पोथी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, पुराव्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, ही त्यांची शिस्त. त्यांच्या नावाची संस्था पुण्यात ६ जुलै १९१७ ला, त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी स्थापन झाली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं. १९२५ मध्ये भांडारकर वारले, त्याच वर्षी संपादनाची सूत्रं विष्णु सीताराम सुकठणकरांकडे आली, तेही १९४३ मध्ये गेले, आणि काम पुरं झालं १९६६ मध्ये. आपल्या हयातीत जे संपणार नाही असं काम सुरू करायला एक वेगळाच स्वभाव लागतो. विधवा मुलीचं लग्न लावताना समाजाशी घेतलेला झगडा आणि पोथ्यांवरची ही चिकाटी, दोन्हींच्या मुळाशी तोच स्वभाव होता.

माझ्या मते या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा आणि सर्वांत विसरला गेलेला माणूस म्हणजे आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१). लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. हे बिरूद त्यांना भोवलं, कारण ते लावलं की आणखी काही सांगायची गरज उरत नाही. १९३० च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते होते. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही असं उत्तर आलं. आप्पासाहेबांनी आहार तोडला, आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला. इथवरची गोष्ट त्यागाची आहे आणि त्यागाच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ. खरी गोष्ट पुढे आहे. मैला उचलण्याच्या कामाला जात चिकटलेली आहे, ती सुटायची तर ते काम स्वतः करून भागणार नाही. ते कुणालाच करावं लागू नये असा संडास बांधावा लागेल, हे त्यांनी ओळखलं. कणकवलीजवळ १९४८ मध्ये गोपुरी आश्रम उभा राहिला. तिथे संडासांचे प्रयोग झाले, सोनखताचे झाले, मेलेल्या जनावराच्या कातड्याचे झाले. तत्त्वज्ञान शिकलेला माणूस खड्ड्याची खोली आणि नळाचा उतार यांत वर्षानुवर्षं रमला. गोपुरी संडास पुढे खेड्यापाड्यांत गेला आणि ज्यांनी तो बांधला त्यांतल्या बहुतेकांना त्यामागचं नाव माहीत नव्हतं. आप्पासाहेबांना ते चाललं असतं, असं त्यांचं लिखाण वाचताना वाटतं.

राजकारणातल्या थोरांचा ठसा मोजणं अवघड, कारण त्यांच्या कामाला दुसऱ्यांचे हात लागतात आणि कधी ते उलटंही फिरतं. वेंगुर्ल्यात १९२२ मध्ये जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै यांचं वक्तृत्व ज्यांनी ऐकलं त्यांच्या डोळ्यांत अजून पाणी येतं. पण वक्तृत्व ऐकणाऱ्याबरोबर जातं. टिकलं ते १९६७ मधलं त्यांचं खासगी विधेयक. मूलभूत हक्कांना हात लावायला संसदेला मनाई करणाऱ्या गोलकनाथ निकालानंतर त्या हक्कांतही बदल करायचा अधिकार संसदेला असावा, असा त्यांचा आग्रह होता. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार दिला. लोकांच्या सार्वभौमत्वासाठी मागितलेल्या त्या अधिकाराचं आणीबाणीत काय झालं हे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीत दिसलं. तेव्हा त्यांचे वारसदार दंडवते तुरुंगात होते. थोराच्या आयुष्यातून सरळ धडा काढणाऱ्याने ही गाठ सोडवून दाखवावी. दंडवत्यांचं त्या मानाने सोपं. रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर मऊ गादी आणली, आणि कोकण रेल्वेसाठी जन्मभर झटले. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा ते अर्थमंत्री होते. १९९१ ची निवडणूक ते हरले. रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये, आणि तिने पहिलं काय केलं असेल तर चाकरमान्यांचं गणपतीला येणं सोपं केलं.

नट मच्छिंद्र कांबळी (१९४७–२००७) मालवण तालुक्यातल्या रेवंडीचे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाचे त्यांनी हजारो प्रयोग केले आणि मुंबईत ज्या बोलीची लाज वाटायची ती तिकीट काढून ऐकली जाऊ लागली. हे ऋण मोठं आहे. त्याचबरोबर मालवणी म्हणजे विनोद, हे समीकरणही तेव्हापासून घट्ट झालं. त्याच मुलखात खानोलकरांनी भय, वासना आणि दैव पाहिलं होतं. ते या हशात मागे पडलं. दोष कांबळींचा नाही, त्यांच्यानंतर तेच तेच करत राहिलेल्यांचा आहे. प्रभावाची ही दुसरी बाजू या संग्रहातल्या लेखात नीट आली आहे.

आणि काहींचा ठसा म्हणजे एक विझू पाहणारी कला तगून राहणं. सावंतवाडीचे शिवरामराजे आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून गंजिफाचे, म्हणजे खेळायचे पत्ते हाताने रंगवण्याचं काम शिकून घेतलं आणि राजवाड्यातच कारखाना घातला. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, दहा रंग, हरेक रंगाचे बारा. राजघराण्याने चिताऱ्याच्या समोर शिकायला बसणं, यातच त्या कामाचं निम्मं यश होतं. पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या राजाश्रय गेल्यावरही पिढ्यान्पिढ्या जपल्या. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कुठे बाहेरच्यांनी तिकडे वळून पाहिलं.

हे सगळं आत्ताच का काढायचं? मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ ला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. त्यानंतर आरोप झाले, मोर्चे निघाले, नवा आणि अधिक उंच पुतळा उभा राहिला. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला आहे. १६६४ मध्ये त्याचं काम सुरू झालं. कुरटे बेट का निवडलं, आरमाराला तिथे काय सोय होती, इतका चिरा आणि चुना त्या बेटावर कसा नेला, कुठल्या लोकांनी तो वाहिला, या प्रश्नांवर त्या गदारोळात फार कमी बोललं गेलं. थोर माणसाला उंचीत मोजायचं ठरलं की त्याचं काम पाहायचं राहून जातं. शिवाय आता मोबाइलवर रोज सकाळी कुणाच्याही नावावर कुणाचंही वाक्य येतं, आणि यशाचे सात मंत्र सांगणारे वक्ते तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. मुलांना थोरांची वाक्यं पाठ असतात, पण त्यांची वर्षं, त्यांचे खर्च, त्यांची अपयशं ठाऊक नसतात.

म्हणून या लेखांची मांडणी जन्मगावाप्रमाणे किंवा काळाप्रमाणे न करता कामाप्रमाणे केली आहे. शिकवणं, लिहिणं, बांधणं, बोलणं, जपणं, असे तिचे गट आहेत. लेखकांत शाळेतले मास्तर आहेत, निवृत्त कारकून आहेत, एक-दोन पत्रकार आहेत. चरित्रनायकाचा प्रवास सांगून लेख संपवायचा नाही, तो गेल्यानंतर पुढच्या पंचवीस वर्षांत त्याच्या कामाचं काय झालं इथवर यायचं, अशी एक अट होती. ती पाळताना काही ठिकाणी मोडकी इमारत आणि बंद कुलूप एवढंच हाती आलं. ते तसंच छापलं आहे.

उणिवा उघड आहेत. बायका फार थोड्या आहेत. ज्या खेड्यात निम्मे पुरुष मुंबईला, तिथली शेतं, खटले, म्हातारी माणसं आणि मुलांच्या शाळा बायकांनीच चालवल्या; पण सरकारी दप्तरात आणि मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांच्या अहवालांत त्यांची नावं नाहीत. गाबीत समाजातले तांडेल, वेंगुर्ल्याच्या मिशन दवाखान्यातल्या परिचारिका, जत्रांमागून जत्रा करत रात्री जागवणारे दशावतारी, यांच्यावर लिहायला साधनं हवीत, आणि ती घराघरांत पडून आहेत: पत्रं, हजेरीपट, नाटकाच्या वह्या, मंडळांच्या जमाखर्चाची पुस्तकं. ज्यांच्या माळ्यावर असं काही असेल त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी गावच्या वाचनालयात एकदा दाखवावं.